कमरेला टायर असलेलं ऑर्बिटल

आमच्या कॉलेजची जुनी विज्ञान इमारत जूनमध्ये पाडणार, ही बातमी मला एकाच दिवशी दोघांनी सांगितली. सकाळी करकंबवरनं कुंडलिकचा फोन आला आणि दुपारी इथूनच, सोलापुरातून, अझरुद्दीनचा. दोघं माझे विद्यार्थी, ब्याण्णवच्या बॅचचे, अकरावी-बारावी एकाच बाकावर काढलेले. दोघांचं म्हणणंही एकच होतं. इमारत पडण्याआधी सगळ्यांनी त्या वर्गात एकदा जमायचं आणि सरांनी ऑर्बिटलचा तास पुन्हा घ्यायचा. आणि दोघांनी शेवटी सांगितलेली गोष्टही एकच होती. दुसऱ्याला मी सांगणार नाही, सर, तुम्हीच सांगा.

"का रे, बोलणं नाही का तुमचं?" मी कुंडलिकला विचारलं.

"न्हाय सर. लई दिवस झालं."

"काय झालं एवढं?"

"त्यालाच इचारा की."

मी अझरुद्दीनला विचारलं.  तो म्हणाला, "त्याच्या मुलीचं लग्न झालं, सर. मला पत्रिका मोबाइलवर आली. घरी नाही आला तो. मोबाइलवर, सर." इकडे कुंडलिकचं दुःख असं, की जिवाभावाचा मित्र लग्नाला आलाच नाही. आपल्याकडे भाऊबंदकी जमिनीवरून होते असं लोक उगाच म्हणतात. निम्मी तरी पत्रिकेवरून होते.

मी दोघांनाही हो म्हटलं. निवृत्त प्राध्यापकाला कुणी तास घ्यायला बोलावलं, तर तो नाही म्हणत नसतो. माझी बायको यशोदा म्हणते, की मला दूधवाल्याने विचारलं तरी मी खडू शोधायला लागेन.

हा तास म्हणजे काय, ते सांगायला हवं. अणूमध्ये इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची जास्त शक्यता असते, त्या जागेला ऑर्बिटल म्हणतात. एस ऑर्बिटल चेंडूसारखं, कुठूनही पाहा, सारखंच. पी म्हणजे डंबेल, मध्ये आवळलेलं आणि दोन्हीकडे फुगलेलं. अशी तीन, एक एक्स अक्षावर, एक वायवर, एक झेडवर. डी पाच. त्यांतली चार, चार-चार पाकळ्यांच्या फुलासारखी, आणि पाचवं झेड-स्क्वेअर, ज्याला वर एक फुगा, खाली एक फुगा आणि कमरेला टायर. पुस्तकात हे सगळं सपाट छापलेलं असतं. म्हणून मी वर्गात फुगे न्यायचो. डी-झेड-स्क्वेअरसाठी दोन लांब फुगे आणि सायकलची जुनी ट्यूब. खिडकीबाहेर गिरणीचं धुराडं दिसायचं. माझं समजावणं ऐन रंगात आलं की गिरणीचा भोंगा व्हायचा आणि मुलं त्याला तासाची घंटा समजून वह्या मिटायची. बाजूच्या प्रयोगशाळेतून सडक्या अंड्याचा वास यायचा. त्या वासात, त्या भोंग्यात, हातात चार फुगे धरून उभं राहण्यात जे सुख होतं, ते पुढे पीएचडी मिळाली तेव्हाही झालं नाही.

तेव्हा मी फुगेच आणले. पण तो धडा मी शिकवायचो हिवाळ्यात, आणि हा होता मे महिना. सोलापूरचा मे. रंगीत तालीम म्हणून फुगे फुगवले, बांधले आणि गच्चीत ठेवून चहा प्यायला खाली आलो. पहिला आवाज झाला तेव्हा यशोदा म्हणाली, "कुकर का?" दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याला आमच्या सोसायटीचे चेअरमन शरणप्पा बनियनवर धावत वर आले.

"सर, कुणी उडवतंय का फटाके?"

"नाही. डी-एक्स-वाय गेलं."

"कोण गेलं?"

त्यांना समजावून सांगण्यात अर्धी सकाळ गेली. त्याचा परिणाम असा झाला, की सगळ्या सोसायटीला माझं काम कळलं आणि प्रत्येकाला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळायला लागलं. कुणी म्हणालं थर्माकोल घ्या, कुणी म्हणालं गणपतीवाल्याकडनं शाडूचं करून घ्या. शरणप्पांचा सल्ला सगळ्यांत सोपा होता. "वांगी घ्या की सर. देठाला देठ बांधायचं. झालं तुमचं पी." मला तो पटला, हे सांगायला संकोच वाटतो. मी मंडईतून चांगली मोठी, डौलदार वांगी आणि चार पाकळ्यांसाठी दुधी भोपळे आणले. संध्याकाळी फिरून येईपर्यंत वांग्यांमध्ये शेंगदाण्याचं कूट गेलं होतं. तिन्ही अक्षांवरची पी ऑर्बिटल्स आम्ही त्या रात्री भाकरीबरोबर खाल्ली. चांगली झाली होती. डी पुढे आठवडाभर पुरली.

मग यशोदानेच सुचवलं, "कापसाची करून घ्या. फुटणार नाहीत, सडणार नाहीत, आणि मला शिजवता येणार नाहीत."

विजापूर वेशीत महबूबभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. आमच्या लग्नातल्या गाद्या त्यांच्या वडिलांनी भरलेल्या. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि विचारलं, "पलंग केवढा हाय, सर?"

"पलंग नाही. अणू आहे."

"बरं. मग अणू केवढा हाय?"

मी हात पसरून दाखवला. अणूला इतकं मोठं कुणी केलं नसेल. महबूबभाईंना आकार पटापट कळले. अडलं ते दिशेपाशी. ते म्हणाले, "ह्या तिन्ही उशा सारख्याच की. तीन केल्या, कुटं बी ठिवा."

"कुठंही ठेवून चालणार नाही, महबूबभाई. आकार एकच. ही उजवी-डावीकडे, ही मागे-पुढे, ही उभी. त्यांचं वेगळेपण ठेवण्यातच आहे."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे वास्तुशास्त्र. मग असं सांगा की, सर. उत्तरेला डोकं नको म्हणणारे आमच्याकडं रोज येतात."

मी मान हलवली. आयुष्यभर शिकवल्यावर माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

माझी अपेक्षा होती, की पाकळ्यांना दोन रंग असावेत. एका चिन्हाच्या लाल, दुसऱ्या चिन्हाच्या निळ्या. महबूबभाईंकडे साधं रंगीत कापड नव्हतं, चादरींचा सेकंड माल होता. त्यामुळे माझ्या अधिक चिन्हाच्या पाकळ्यांवर टपोरे गुलाब आले आणि उणे चिन्हाच्या पाकळ्यांवर नाचणारे मोर. डी-झेड-स्क्वेअरचा टायर मोरांचा. सगळ्या मिळून नऊ वस्तू हातगाड्यांवरून आमच्या दारात उतरल्या, तेव्हा सोसायटीतल्या बायका गॅलऱ्यांत उभ्या होत्या.

"यशोदाताई, कुणाचं बाळंतपण काढलंय का?" समोरच्या काकूंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला, की निवासी जागेत गाद्या-उशांचा व्यवसाय करू नये. खाली चेअरमन म्हणून शरणप्पांचीच सही होती. मी रागाने त्यांच्या दारात गेलो. त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "नोटिसीचं सोडा, सर. ती द्यावी लागते. मला सांगा, मधली ती गोल रिंग तेवढी वेगळी मिळेल का? डॉक्टरनी सांगितलंय तसल्यावरच बसायला."

आयुष्यात अनेकांनी माझ्या विषयाची किंमत केली नाही, पण त्याचं असं मोल कुणी केलं नव्हतं. मी म्हणालो, तास झाला की बघू.

कॉलेजात मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. मी नोकरीला होतो तेव्हा ऑफिसात गेलो की शिपाई खुर्ची पुढे करायचा. आता नव्या हेडक्लार्कनी मान वर न करता माझा अर्ज वाचला.

"जुन्या इमारतीतली खोली नंबर चार? ती नाहीये, सर."

"नाहीये कशी? आत्ता मी तिच्यासमोरून आलो."

"असेल. पण मार्चमध्ये निर्लेखित झाली. कागदावर ती खोली नाही. नसलेल्या खोलीत तासाला परवानगी कशी देणार?"

मी म्हणालो, की परवानगी लागतेच कशाला मग. खोली नाही, तर तास पण नाही. आम्ही फक्त काही माणसं मोकळ्या जागेत उभी असू. ते त्यांना पटलं. ऑफिसात मी तर्काने जिंकलेलो हा पहिलाच प्रसंग. त्या भरात मी सांगून टाकलं, की तासानंतर ही मॉडेल्स मी कॉलेजला भेट देणार आहे. इथे माझं चुकलं.

"भेट म्हणजे डेडस्टॉकला नोंद आली," ते म्हणाले आणि त्यांनी जाड रजिस्टर ओढलं. "पी-एक्स, पी-वाय, पी-झेड. ही तिन्ही एकच वस्तू आहे, सर."

"वस्तू एक, पण दिशा वेगळी."

"दिशेला रकाना नाही."

"आणि ही डी-एक्स-वाय, आणि ही डी-एक्स-स्क्वेअर-वाय-स्क्वेअर," मी घाईने पुढे गेलो. "पहिलीच्या पाकळ्या अक्षांच्या मधून जातात, दुसरीच्या अक्षांवरून."

"म्हणजे पहिलीच जरा फिरवली की दुसरी."

"हो. पण ती दुसरी असते."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. माझ्या वयाच्या माणसाकडे बघतात तसं. "सर, तुम्ही तास घ्या. नोंदीचं नंतर बघू."

तासाच्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पो केला. डी-झेड-स्क्वेअर सगळ्यांत वर, उभं बांधलेलं. सात रस्त्याला वाहतूक पोलिसाने शिट्टी मारली.

"हे काय हाय?"

"ऑर्बिटल."

"कुठल्या पक्षाचं?"

कुठल्यातरी निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. आपल्याकडे ती कुठली ना कुठली लागलेलीच असते. मी अणूची रचना सांगायला सुरुवात केली. पोलिसाने थोडं ऐकलं आणि म्हणाला, "काका, ते तुमचं काय असंल ते असू द्या. पण चिन्ह झाकून न्या." शेवटी यशोदाने ड्रायव्हरच्या सीटवरची चादर काढून दिली. झाकल्यावर ते जास्तच संशयास्पद दिसायला लागलं.

आम्ही पोचलो तर खोली नंबर चारचं दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं. म्हणजे खरंच काही नव्हतं. बाकं नव्या इमारतीत गेली होती. पंखे काढले होते, खिडक्यांची तावदानं काढली होती. फळा भिंतीतच असल्यामुळे राहिला होता. धुराड्याच्या जागी आता मोकळं आकाश दिसत होतं. मी त्या फळ्यावर हात फिरवला. हाताला खडू लागला, तो मी पुसला नाही. यशोदा माझ्या पाठीमागे उशा मांडत राहिली.

मुलं यायला लागली. मुलं म्हणायचं, बाकी पन्नाशीची माणसं. कुणाला टक्कल, कुणाला सांधेदुखी, कुणी जिने चढून धापा टाकतंय. सिद्धेश्वरी अकलूजहून आली होती. ती आता तिथे बालरोगतज्ज्ञ आहे. दारातच माझ्या पाया पडायला वाकली आणि तिला उठताना माझा हात धरावा लागला. "सर, बसायचं कुठं?" तिने पहिला प्रश्न विचारला.

कुठे बसणार. फरशीवर चुन्याचा आणि कबुतरांचा थर होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ डी-एक्स-वायवर बसली. तिला बसलेलं पाहून बाकीच्यांना धीर आला. कुंडलिक आला, खांद्यावर टॉवेल, हातात करकंबच्या शेतातल्या उसाची मोळी, सगळ्यांना खायला. तो डी-झेड-स्क्वेअरच्या टायरवर बसला, वरच्या फुग्याला टेकून. मी बघत होतो. प्रत्येक जण एकटाच एका उशीवर बसत होता. जुनी ओळख असली तरी इतक्या वर्षांनी एकदम कुणाला चिकटून बसायला माणूस लाजतो.

पी-झेडचा मात्र प्रश्न झाला. ते उभं राहीना. कापूस खाली बसल्यामुळे ते कलंडायचं आणि आडवं पडून पी-एक्स व्हायचं. यशोदाने शेवटपर्यंत त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तासभर माझा झेड अक्ष तिनेच सांभाळला, आणि संसार धरला तर पुष्कळ आधीपासून. एक गृहस्थ पी-वायच्या मधोमध, आवळलेल्या जागी, घोड्यावर बसावं तसे बसले. मी म्हणालो, "तिथे नाही बसायचं. तिथे नोड आहे. इलेक्ट्रॉन तिथे कधीच सापडत नाही."

"सर, पण तिथंच बरं वाटतंय."

"उठ," मी म्हणालो, आणि तो उठला. पन्नाशीचा, एका बँकेचा व्यवस्थापक. मला कसं वाटलं म्हणून सांगू.

मी शिकवायला लागलो. आवाज आधी जरा चिरकला, मग लागला. एस, पी, डी. कुठलं कुठल्या दिशेला, कुठलं अक्षावर, कुठलं अक्षांच्या मधून. पुढे उशिरा आलेले दारात गोळा होऊ लागले आणि यशोदाने धरलेली सोडली तर सगळ्या उशांवर आधीच एकेक माणूस होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला काही शिकवायचं उरलेलंच नाही. ते समोर घडत होतं.

"हे बघा," मी म्हणालो, "सारख्या ऊर्जेच्या जागा रिकाम्या असतील तर इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात. जोडी करत नाहीत. सगळीकडे एकेक झाला, की मगच दुसऱ्याने शेजारी जायचं. नियम कुणाचा?"

"हुंडचा," चार-पाच आवाज आले. सिद्धेश्वरी म्हणाली, "ह्यांच्यातल्या एकाने पेपरात हुंड्याचा नियम लिहिला होता, सर." तो कोण ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तो हसत होता.

दारातले लोक आत आले आणि जोड्यांनी बसायला लागले. खरं तर एकच इलेक्ट्रॉन सगळ्या पाकळ्यांत मिळून असतो, पण पन्नाशी गाठलेल्या देहाला ती सोय नाही, म्हणून मी प्रत्येकाला एकेक बाजू दिली. सगळ्यांत शेवटी अझरुद्दीन आला. पांढरा शर्ट, घामाने ओला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून थेट आलेला. त्याने खोलीभर पाहिलं. एकाच जागी एकटा माणूस होता. कुंडलिक, टायरवर.

त्यांचं बोलणं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. अझरुद्दीन माझ्याकडे बघत म्हणाला, "मी उभा राहतो, सर."

"इलेक्ट्रॉन उभा राहत नाही," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातला होता, निवृत्तीनंतरचा नव्हता. "जागा आहे, बस. आणि जोडीतला दुसरा उलट्या स्पिनचा. तोंड पलीकडे करून बसायचं. एकमेकांकडे बघायची गरज नाही."

तो बसला. पाठीला पाठ लावून. कुंडलिकचं तोंड खिडकीकडे, ह्याचं दाराकडे. टायरची शिवण दोघांच्या वजनाने करकरली. मी फळ्याकडे वळून काहीतरी काढायला लागलो. काय काढत होतो ते मला आठवत नाही, कारण माझे कान मागे होते.

 मग अझरुद्दीन हळू म्हणाला, "पत्रिका घरी आणायला काय झालं होतं?"

"घरच्या माणसाला पत्रिका कोण देतं?" कुंडलिक खिडकीला म्हणाला.

"मग मोबाइलवर तरी कशाला पाठवलीस?"

"समद्यांना गेली. त्यात तुलाबी गेली."

"तेच तर. सगळ्यांत गेली."

 खडू माझ्या हातात मोडला. मग कुंडलिक म्हणाला, "लेकीला पोरगा झालाय. पुढल्या म्हैन्यात बारसं हाय. येतो घरी घिऊन पत्रिका."

"पत्रिका कशाला," अझरुद्दीन म्हणाला. "घरच्या माणसाला पत्रिका कोण देतं." आणि बोलता बोलता तो मागे वळला, पार वळला, आणि कुंडलिकही वळला, आणि दोघांचं सगळं वजन टायरच्या एकाच बाजूला आलं.

महबूबभाईंची शिवण उशीपुरती होती. टायर उसवला आणि दोघं खाली बसले. त्याच वेळी तावदानं नसलेल्या खिडकीतून दुपारची गरम झुळूक आली आणि कापूस खोलीभर उठला. मी त्या खोलीत वर्षानुवर्षं सांगत होतो, की बाबांनो, ऑर्बिटल म्हणजे गाठोडं नव्हे, ढग आहे. त्याला काठ नसतो. इथे दाट, तिथे विरळ, एवढंच. कुणाला ते कधी खरं वाटलं नव्हतं, माझ्या फुग्यांमुळे तर नाहीच. आणि आता तो ढग माझ्या समोर होता, मध्ये दाट, कडेला विरळ, आणि त्याच्या आत कुठेतरी दोन माणसं खोकत होती. कुठे आहेत ते नेमकं सांगता येत नव्हतं.

"सर," ढगातून कुंडलिकचा आवाज आला, "आता कळलं."

तास संपल्यावर सगळ्यांनी ऊस खाल्ला, फोटो काढले, फळ्यावर सह्या केल्या. कॉलेजच्या रजिस्टरात दिशेला रकाना नव्हता, म्हणून मॉडेल्स कुणी कुणी घेऊन गेलं. सिद्धेश्वरीने डी-एक्स-वाय दवाखान्यातल्या मुलांसाठी नेलं. मी शेवटचा बाहेर पडलो. दार ओढून घेतलं, पण कडी लागेना, कारण कडीही काढून नेली होती.

खाली आवारात अझरुद्दीन आणि कुंडलिक भांडत होते. सरांना घरी कोण सोडणार, यावरून. कुंडलिक म्हणत होता, माझी जीप हाय. अझरुद्दीन म्हणत होता, तुझ्या जीपला एसी नाही, सर उन्हाने शिजतील. कुंडलिक म्हणाला, एसी लावून तू कुणाकुणाला नेलंस ते मला ठाऊक हाय. मग ते खूप जुन्या कशावर तरी गेले, कुठल्यातरी सहलीवर, कुणीतरी कुणाचा डबा खाल्ला होता त्यावर. दोघांच्या केसांत कापूस होता आणि एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते.

आम्ही थोडा वेळ थांबलो. मग मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. पहिल्या वळणापर्यंत त्यांचे आवाज ऐकू येत होते.

यशोदा मागे वळून बघत म्हणाली, "अहो, अजून भांडतायत ते."

"भांडू दे," मी म्हणालो. "किती दिवसांनी बोलतायत."